मीठ पार नेणारा नऊ नंबर

संशय हा विज्ञानाचा प्राण आहे. हे वाक्य मी आमच्या महाविद्यालयात विज्ञान दिनाला एकवीस वर्षं म्हटलं आणि त्यावर कोणी कधी संशय घेतला नाही. एक तर वाक्य ऐकायला बरं होतं. शिवाय तोवर मागच्या बाकांपर्यंत समोशांचे खोके येऊन पोचलेले असत.

मी वर्ध्याला रसायनशास्त्र शिकवतो. घर बोरगाव मेघेत. स्कूटरनं जातो, येतो. माझ्या हाताखाली तीन जणांनी पीएच.डी. केली. 'हाताखाली' हा शब्द विद्यापीठाच्या फॉर्मवरचा. प्रत्यक्षात मी त्यांच्या मागे उभा राहून अडचण होईल इतपत मदत केली. पहिले दोघं आता माझ्यापेक्षा मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि भेटले की फार नम्रपणे बोलतात. ही गोष्ट तिसरीची आहे.

ती सिंदी रेल्वे या गावची. सकाळच्या पॅसेंजरनं यायची, संध्याकाळच्या गाडीनं जायची, आणि गाडी लेट असली की सिंदीच्या स्टेशनवरून फोन करायची, "सर, फ्रीज बंद नका करू." फ्रीज मी आयुष्यात एकदाच बंद केला होता, तोही चुकून. पण तिची स्मरणशक्ती चांगली होती.

तिचा विषय मी लोकांना समजावून सांगायचो तेव्हा स्लाइड्स लागायच्या. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी एका पातळ पडद्यात बंद असते आणि तो पडदा मुळात तेलकट असतो. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन प्रकारचे भारित कण होतात, सोडियम आणि क्लोराइड. त्यांना आयन म्हणतात. या आयनांना तेलाचं असं वावडं असतं की आपण होऊन ते पडदा ओलांडत नाहीत. शरीरानं त्यांच्यासाठी प्रथिनांची दारं ठेवली आहेत. काही मुलं जन्माला येतात तीच क्लोराइडचं दार बिघडलेलं घेऊन. घाम खारट येतो, छातीत चिकट कफ साठत जातो, श्वास जड होतो. दार दुरुस्त होत नसेल तर दाराशिवाय क्लोराइडला पार नेईल असा एखादा लहानसा रेणू आपणच बनवावा, या खटपटीत जगभर बरेच लोक आहेत. त्यांतली एक सिंदीची होती.

तिच्या वडिलांना हे सगळं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी पाचव्या स्लाइडवर होतो. ते कापूस पिकवतात आणि बाजारात दुसऱ्याच्या कापसात ओल किती आहे ते मूठ दाबून सांगतात. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"म्हंजे मास्तर, सरकीसारखं. कापसात गुंडायली तं दिसत नाई, मंग कोनीकडं बी न्या."

हो, तसंच. तिचा रेणू क्लोराइडला चहूकडून वेढायचा, त्याचा भार झाकायचा, आणि तेलकट पडद्याला वाटायचं की आपल्यातलंच कोणी चाललंय. पलीकडे गेला की सोडून द्यायचा आणि परत यायचा. त्या दिवसापासून मी स्लाइड्स दाखवणं कमी केलं.

सोडून देणं हा यातला अवघड भाग. तिनं नऊ रेणू बनवले. पहिले काही पाण्यात विरघळेनात, पाचवा उजेडात खराब झाला. सातव्यानं क्लोराइड असा घट्ट धरला की सोडेचना. तसे लोक मी समित्यांवर पाहिले आहेत. नवव्याला आम्ही 'नऊ नंबर' म्हणायचो. फिकट पिवळी पूड, काचेच्या एवढ्याशा कुपीत, फ्रीजच्या वरच्या कप्प्यात.

रेणू चालतो की नाही हे पाहायला पेशी नव्हत्या, म्हणून ती नकली पेशी करायची. लिपिड म्हणजे पेशीच्या पडद्यातलाच मेद. तो चंबूत विरघळवून, वाळवून त्याचा कागदाहून पातळ थर करायचा, मग मिठाचं पाणी घालून हलवायचं. मेदाचे बुडबुडे तयार होतात, आत मिठाचं पाणी. ते पुन्हा पुन्हा गोठवायचे आणि वितळवायचे, मग दोन सिरिंज समोरासमोर लावून बारीक चाळणीतून या बाजूनं त्या बाजूला ढकलायचे, म्हणजे सगळे एका मापाचे होतात. गोठवायला द्रवरूप नायट्रोजन लागतो. तो वर्ध्यात हमखास मिळण्याची जागा म्हणजे गुरांचा दवाखाना; तिथं जातिवंत वळूंचं वीर्य त्यात ठेवतात. दर पंधरवड्याला मी स्कूटरच्या पायदानावर तो कॅन ठेवून आणायचो. वाटेत ओळखीचे लोक गायी किती म्हणून विचारायचे. मी दोन सांगायचो.

आमच्या प्रयोगशाळेच्या अटेंडंट मावशी हे सगळं तीन वर्षं बघत होत्या. माझ्याआधीपासून त्या इथं आहेत. कुठली बाटली कुठल्या कपाटात, कुठला गॅसचा नॉब उलटा फिरतो, कुठला प्राध्यापक काच फोडून गुपचूप कचऱ्यात टाकतो, हे सगळं त्यांना ठाऊक. एकदा त्या तिच्या खांद्यावरून चंबूत डोकावल्या.

"काय बनवून राह्यली वं पोरी?"

"फुगे, मावशी. मिठाच्या पाण्याचे."

"दिसत तं नाई."

"दिसतच नाई थे. लय बारीक."

"मंग हायेत कायवरून?"

पुढे एका परदेशी नियतकालिकाच्या परीक्षकानं हाच प्रश्न विचारला. त्याला अर्धं पान लागलं.

बुडबुडे आहेत, मीठ आत आहे, आणि नऊ नंबर टाकला की ते बाहेर येतं, हे कळायला पाण्यातला क्लोराइड आकड्यात सांगणारा एक इलेक्ट्रोड असतो. बुडबुड्यांबाहेरचं मिठाचं पाणी आधीच बदललेलं असतं, म्हणून बाहेर क्लोराइड नसतोच. तिथं नायट्रेट असतं. इलेक्ट्रोड त्या पाण्यात बुडवायचा. आकडा शांत पाहिजे; नऊ नंबरविना घेतलेली ही रिकामी चाचणी. मग नऊ नंबरचा एक थेंब. आकडा चढू लागला तर मीठ पार होऊन राह्यलं. शेवटी साबणासारखं द्रव टाकून सगळे बुडबुडे फोडायचे, म्हणजे एकूण मीठ किती होतं ते कळतं.

नऊ नंबरनं हे दोनदा नीट केलं. तिसऱ्यांदा तेच आलं की तिचं शेवटचं प्रकरण पुरं होत होतं. तिच्या आईनं केळझरच्या गणपतीला नवस बोलायचं ठरवलं होतं, पण काय मागायचं ते नेमकं कळेना. शेवटी 'पोरीचं मीठ पार होऊ दे' एवढंच बोलून आली. मला वाटतं, इतका अचूक प्रकल्प-सारांश विद्यापीठाकडं आजवर गेलेला नाही.

महिनाअखेर प्रबंध द्यायची मुदत होती. वाढवून मिळालेली, म्हणजे शेवटची. त्याआधी सोमवारी विद्यापीठाची तीन जणांची संशोधन समिती येणार होती. समितीसमोर नऊ नंबरचं काम मांडायचं, समितीनं मान डोलवली तर प्रबंध जाणार, नाही तर नोंदणी रद्द. आणि बुडबुड्यांचं लिपिड परदेशातून बर्फात येतं, यायला सहा आठवडे लागतात. आमच्याकडे तीन खेपांपुरतं उरलं होतं.

समिती येणार म्हटल्यावर प्राचार्यांनी बैठक घेतली. रांगोळी कोणी, हार कोणते, फलकावर कोणाचं नाव आधी, यावर पाऊण तास गेला. विज्ञानाचा विषय निघाला तो शेवटी. प्राचार्य म्हणाले, "प्रयोगशाळा आरशासारखी लखलखली पाहिजे." मी तो निरोप गुरुवारी मावशींना दिला. माझाच आवाज मला आठवतो, जरा घाईतला आणि अधिकारवाणीचा. शुक्रवारी सकाळी आलो तर खरोखर आरसा. आमच्या बोअरच्या पाण्यानं काचेवर पांढरे डाग पडतात. वर्षानुवर्षांचे ते डाग गायब. चंबू, बीकर, लहान कुप्या ओळीनं उलट्या ठेवलेल्या, खिडकीतलं ऊन त्यांच्यातून आरपार जाऊन भिंतीवर नाचत होतं. मी म्हटलं, "मावशी, कमाल केली." त्या म्हणाल्या, "कराच लागते नं, सर. पोरीचं काम हाय."

त्याच दिवशी तिनं तिसऱ्या वाचनासाठी खेप लावली. नऊ नंबर टाकायच्या आधीच आकडा वर. आणि वर जाऊन थांबेना. मिनिटागणिक थोडा थोडा चढत होता.

तिनं खेप फेकली. शनिवारी सकाळी पहिल्या गाडीनं येऊन आणखी एक केली. तेच. बुडबुडे आपोआप गळत होते.

आम्ही दोघांनी मग संशय घ्यायला सुरुवात केली. लिपिड शिळं झालं असेल. बाहेर पारा चव्वेचाळीसवर होता. कूलर असूनही बुडबुड्यांना ऊन लागलं असेल. चाळणी फाटली असेल. नवी लावली होती. इलेक्ट्रोड म्हातारा झाला असेल. तो प्रमाणित द्रावणांत तपासला, ठणठणीत. नायट्रेटचं पाणी खराब असेल. तेही प्लास्टिकच्या बाटलीतून थेट तपासलं, स्वच्छ. मी गुरांच्या दवाखान्यातल्या नायट्रोजनवरही संशय घेतला, ज्याचा काही संबंध नव्हता. फक्त एका गोष्टीवर आम्ही दोघांनीही संशय घेतला नाही. इतकी लखलखीत काच आम्ही आयुष्यात पाहिली नव्हती. तिच्यावर संशय घेणं अशिष्टपणाचं दिसलं असतं.

दुपारी ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"सर, मी नऊ नंबरचं प्रकरण काढून टाकते."

"काढून? अगं, दोन वाचनं आहेत हातात."

"फुगे आपोआप गळत असतील तर त्या वाचनांना काय अर्थ? तेव्हाही गळले असतील. नऊ नंबरनं काहीच केलं नसेल."

"तेव्हा रिकामी चाचणी शांत होती."

"एकदाच घेतली होती, सर."

"एकदा घेतली ना? समितीला दोन वाचनं दाखव. तिसरं नंतर करू. थोडा विश्वास ठेव."

"तुम्हीच तर म्हणता, संशय हा विज्ञानाचा..."

"ते भाषणात," मी म्हणालो.

  एकवीस वर्षांत पहिल्यांदा कोणी ते वाक्य ऐकलं होतं, आणि नेमकी मला त्याची अडचण झाली होती. ते प्रकरण गेलं तर प्रबंधात आठ अपयशी रेणू उरत होते. समिती त्यावर मान डोलावणार नव्हती, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी ती काढायला निघाली होती. ती शेजारच्या स्टुलावर बसली आणि वही उघडून नऊ नंबरच्या पानांना क्लिपा लावू लागली, फाडायची असल्यासारखी.

मावशी चहा घेऊन आल्या.

"काऊन वं, रडून राह्यली काय?"

"नाई, मावशी. डोयात काई गेलं."

"सरायनं रागावलं?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चहा अजून माझ्यापर्यंत आलेला नव्हता.

"नाई वं. मीठ बाहेर येऊन राह्यलं. फुग्याच्या आत राहाले पायजे, तं बाहेरच दिसते. आम्ही तं बाहेर टाकलंच नाई."

मावशींनी ट्रे ओट्यावर ठेवला. "कोन्तं मीठ?"

"साधंच. खायाचं."

"खडेमीठ?"

"कोन्तं बी, मावशी. मीठ म्हंजे मीठ."

मावशी ओळीनं मांडलेल्या चंबूंकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "थे तं मी टाकलं."

ती हातातली क्लिप तशीच धरून स्टुलावर वळली.

"चंबूत हात जात नाई," त्या सांगू लागल्या, माझ्याकडे न बघता. "बुडाले डाग होते. आसिडची बाटली खाली झाली, तुम्ही आनली नाई. मंग घरी थर्मासाले करतो तसं केलं. खडेमीठ टाकलं, लिंबू पियलं, अन् खयखय हलवलं. कुप्यायले बी. लखलख झाले का नाई?"

"झाले," ती म्हणाली.

"अन् नंतर कशानं धुतले?" मी विचारलं.

"टाकीच्या पान्यानं. एक डाव. मंग फडक्यानं पुसले."

"डिस्टिल्ड पाण्यानं नाही?"

"थे कायले वाया घालवू? थेंब थेंब पडते दिवसभर. पोरीले लागते म्हून ठेवलं."

कोपऱ्यात डिस्टिल्ड पाण्याचा कॅन गळ्यापर्यंत भरलेला होता. तीन वर्षांत तो इतका भरलेला मी पाहिला नव्हता.

ती उठली, एका चकचकीत कुपीत प्लास्टिकच्या बाटलीतलं स्वच्छ नायट्रेट ओतलं, ना बुडबुडे, ना नऊ नंबर, आणि इलेक्ट्रोड बुडवला. आकडा वर गेला आणि हळूहळू चढत राहिला. काचेला चिकटलेलं मीठ सावकाश विरघळत होतं. बुडबुडे बिचारे दोन दिवस शाबूत होते.

मावशी खुर्चीत बसल्या. त्या कधी बसत नाहीत. "म्हंजे माह्याच हातानं," एवढं म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. मी त्यांना सांगितलं की आरशासारखं करा असं मीच म्हणालो होतो, आणि ॲसिडची मागणी माझ्या टेबलावर दोन महिने सहीवाचून पडलेली आहे. हे खरं होतं, पण त्यांना त्याचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो तिच्या हसण्याचा. ती आधी नाकातून हसली, मग वही मिटून, मग ओट्याला टेकून, अगदी डोळ्यांतून पाणी येईतो. मावशींनी पदर काढला.

"हासून काय राह्यली? चाल, धुवाले चाल. अन् मले सांगजो, किती डाव धुवाचं थे."

सात डाव धुवायचं ठरलं. कॅन निम्मा संपला. शनिवारची संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून तिला मावशींनीच हाकललं. उरलेली काच त्यांनी एकटीनं धुतली आणि एकेक भांडं पालथं घालताना माझ्याकडं असं बघत होत्या की मीही फडकं घ्यावं. मी घेतलं.

रविवारी शेवटच्या लिपिडचे बुडबुडे केले. प्रत्येक कुपी वापरायच्या आधी इलेक्ट्रोडनं तपासायची, आणि मावशी शेजारी उभ्या.

"आता?"

"शांत आहे, मावशी."

"पुन्यांदा पाय."

तिनं पुन्हा पाहिलं. शांत. रिकामी चाचणी तिनं एकदा नाही, तीनदा घेतली. माझ्याकडं न बघता. मग नऊ नंबरचा थेंब. आकडा दोनेक सेकंद तसाच राहिला. त्या दोन सेकंदांत मला तिच्या वडिलांची मूठ आठवली, आणि तिच्या आईचा नवस, आणि माझं पेन्शन, कोणत्या कारणानं ते सांगता येत नाही. मग आकडा चढू लागला, नीट, भरभर, आधीच्या दोन वेळांसारखाच.

"थे पाहा," ती म्हणाली. "चाललं."

"कोन्तं?" मावशींनी घाबरून विचारलं.

"आपलं. आतलं."

सोमवारी समिती आली. हार, रांगोळी, फलक सगळं जागच्या जागी. अध्यक्षांनी प्रयोगशाळेत चार मिनिटं दिली. त्यातलं एक मिनिट ते एक चंबू उजेडाकडे धरून बघत होते. "वा! अशी स्वच्छता मी विद्यापीठातही पाहिली नाही," ते म्हणाले. प्राचार्यांनी मान लववली. मावशी माझ्याकडं बघत होत्या आणि मी बाहेरच्या कडुनिंबाकडं. तिच्या सादरीकरणात दुसऱ्या सदस्यांनी एकच प्रश्न विचारला, बुडबुडे आपोआप गळत नाहीत हे कशावरून. तिनं रविवारच्या तिन्ही रिकाम्या चाचण्या दाखवल्या. ते समाधानी झाले. वास्तविक हा प्रश्न आम्हाला दोन दिवस आधी विचारला असता तर उत्तर फार लांबलं असतं.

प्रबंध वेळेत गेला. थंडीत तिची तोंडी परीक्षा झाली आणि सिंदीला सत्कार ठरला. मावशी माझ्या स्कूटरवर मागे बसून आल्या, नवी साडी, मांडीवर पेढ्यांचा डबा. मंडपाला फ्लेक्स होता, त्यात तिच्या फोटोपेक्षा प्रमुख पाहुण्यांचा फोटो मोठा. पाहुणे चाळीस मिनिटं बोलले. आपल्या या लेकीनं लावलेल्या शोधामुळं उद्या जगातल्या आजारी बालकांना श्वास मिळणार आहे, सिंदीचं मीठ साऱ्या मानवजातीच्या पेशीपेशीत पोचणार आहे, असं त्यांनी सांगितलं. ती मान खाली घालून बसली होती. मला माहीत आहे ती काय मोजत होती. बुडबुड्यात चाललं म्हणजे पेशीत चालेल असं नाही, पेशीत चाललं म्हणजे माणसात चालेल असं नाही, हे तिनं प्रबंधाच्या शेवटच्या पानावर स्वतःच लिहिलं होतं. तरी टाळ्या पडल्या तेव्हा तिच्या वडिलांनी हाताची मूठ मिटून घेतली, आणि मीही जोरात वाजवल्या.

मावशी माझ्याकडं झुकल्या. "सर, खरंच सांगा. किती मीठ नेलं असंन नऊ नंबरनं, सगळं मिळून?"

मी निमंत्रणपत्रिकेच्या मागे हिशेब केला. एकेका वेळचे बुडबुडे, त्यांच्या आतलं पाणी, त्यातलं मीठ, गुणिले सगळ्या खेपा. दोनदा केला, कारण विश्वास बसेना. नऊ नंबरनं आजवर पार नेलेलं सगळं मीठ पेरूच्या एका फोडीला पुरलं नसतं.